नऊ हात गटार, बारा हात दोर

एका जंगलात एक गटार होतं.

मुलांनो, नाकं मुरडू नका. तुम्हाला सिंह हवा आहे, मला ठाऊक आहे. सिंह येईल. पण ज्या जंगलात सिंह राहतो तिथे गटारही असतं, आणि ते कुणीतरी साफ करत असतं. म्हणून आधी गटार.

हे गटार नऊ हात खोल होतं. सिंहाच्या गुहेपाशी सुरू व्हायचं, बाजारतळाखालून जायचं आणि जंगलाच्या कुंपणाखालून पलीकडच्या नाल्याला मिळायचं. वर फरशा होत्या. मधे मधे एक प्राणी उतरेल एवढी भोकं होती आणि त्यांवर लोखंडी झाकणं होती.

आता सिंह. सिंह पूर्वी राजा होता. मग जंगलात लोकशाही आली आणि जंगलाची नगरपालिका झाली. सिंहाने गादी सोडली, निवडणूक लढवली आणि तो बिनविरोध निवडून आला. समोर एका हरणाने अर्ज भरला होता, पण अर्ज मागे घ्यायच्या मुदतीआधीच ते दिसेनासं झालं. गुहा तीच राहिली. बाहेरच्या पाटीवर 'राजे' खोडून 'नगराध्यक्ष' लिहिलं, आणि हाताखाली सोळा नगरसेवक आले.

कारभार पाहायला मुख्याधिकारी होता बगळा. त्याच्या अंगावर चिखलाचा डाग म्हणून सापडायचा नाही. तो एका पायावर डोळे मिटून उभा असायचा आणि लोकांना वाटायचं, साहेब विचार करताहेत. फाईल पुढे आली की तो दुसरा पाय खाली टेकवायचा आणि म्हणायचा, "वर पाठवा." वर कोण बसतं हे कुणी कधी विचारलं नाही.

आणि आता ज्याच्यासाठी ही गोष्ट सांगते आहे तो सिदबा. सिदबा खवल्या मांजर होता. खवल्या मांजर हे मांजर नसतं, हे तुम्हाला शाळेत शिकवलं असेल. अंगभर खवले, लांब जीभ, दणकट नखं, आणि भ्यायला की अंगाचा गोळा करून पडून राहायचं. जंगलातले खवले पिढ्यान्‌पिढ्या गटारात उतरत आले होते. सगळे म्हणत, उकरावं तर त्यांनीच. अस्वलाची नखं सिदबाच्या दुप्पट होती, पण अस्वल शिक्षण समितीवर होतं.

खवल्यांचा एक रिवाज होता. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधायचा आणि दुसरं टोक वर घरच्या कुणाच्या तरी हातात द्यायचं. खालून दोन हिसके आले की ओढायचं. बराच वेळ हिसकाच आला नाही, तर विचार न करता ओढायचं. दोर हातात असेपर्यंत वरचा कुणाशी बोलायचा नाही, तंबाखूही मळायचा नाही.

तो जुना दोर तीन वर्षांपूर्वी कुजून तुटला. सिदबाने नव्या दोरासाठी अर्ज दिला. बगळ्याने दुसरा पाय खाली टेकवला.

तेव्हापासून रोज सकाळी सिदबाची बायको गोजरा विचारायची, "दोर आला का वो?"

"फाईल वर गेलीया."

"आन् तुमी खाली."

"व्हय. मी खाली." असं म्हणून सिदबा न्याहारीची भाकरी बांधून घ्यायचा आणि कामाला जायचा.

मधल्या काळात नगरपालिकेने सफाईचं काम ठेक्याने दिलं. ठेका रानडुकराला मिळाला. सिदबा काल ज्या गटारात उतरत होता त्यातच आजही उतरायचा. शिव्या देणारं तोंड तेवढं बदललं.

एके दिवशी 'स्वच्छ जंगल' स्पर्धेची समिती यायची होती. समितीत सगळे हत्ती. आणि नेमकं त्याच सकाळी गुहेसमोरचं गटार तुंबलं. पाणी वर आलं, त्यात काय काय तरंगत होतं ते मी सांगणार नाही, तुमची जेवणं व्हायची आहेत. बगळ्याने रानडुकराला निरोप धाडला. रानडुक्कर सिदबाला घेऊन आला.

"उतर," रानडुक्कर म्हणाला.

"दोर?"

"आरं नऊ हात तर हाय. दोर काय करतोस, पाळणा बांधायचाय?"

सिदबाने झाकण सरकवून वास घेतला. "आज लई वंगाळ वास येतुया, मालक. जरा वारं खेळू द्या."

"समिती वेशीवर आलीया. तू वास घेत बस, मी हत्तींना सांगतो की आमचा सिदबा अजून हुंगतोय."

सिदबा उतरला. थोड्या वेळाने तुंबलेलं सुटलं आणि पाणी खळखळ वाहू लागलं. हत्ती आले, त्यांनी वाकून पाहिलं, सोंडा हलवल्या, जंगलाला दुसरा क्रमांक दिला आणि जेवायला गेले. सिदबा वर आला नाही.

तो दुपारी सापडला. पाण्याबरोबर वाहत कुंपणाजवळच्या भोकाशी अडकला होता. बाहेर काढला तेव्हा त्याचा गोळा झालेला होता. वाघासमोर गोळा झालं तर खवल्या वाचतो. पण विषारी हवेपुढे त्याचा काही उपयोग होत नाही. गोजराने तो गोळा उलगडून त्याचं तोंड पाहायचा फार प्रयत्न केला. तो उलगडला नाही. हे सांगताना मला दर वेळी रडू येतं, म्हणून मी इथे फार थांबत नाही.

नगराध्यक्ष फार हळहळले. अगदी मनापासून, कारण निवडणूक दोन महिन्यांवर होती आणि खवल्यांच्या वस्तीत मतं भरपूर होती. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम सोडला, आणि संध्याकाळच्या आत चौकाचौकांत नगरपालिकेचे फ्लेक्स लागले.

फ्लेक्सवर मजकूर असा होता: 'आमचा लाडका कर्मचारी, स्वच्छतेचा शिलेदार, कै. सिदबा खवले यांना नगरसेवेचे कर्तव्य बजावताना वीरमरण. भावपूर्ण श्रद्धांजली. शोकाकुल: समस्त नगरपालिका.' खाली मुख्याधिकाऱ्याची सही आणि शिक्का. वर नगराध्यक्षाचा चेहरा, टोपलीएवढा. त्याच्या दोन्ही बाजूंना सोळा नगरसेवक, हात जोडलेले, दोघेतिघे तर हसत होते, कारण त्यांचे फोटो दिवाळीच्या शुभेच्छांचे होते.

सिदबाचा फोटो नगरपालिकेकडे नव्हता. फोटो ओळखपत्रासाठी काढतात, आणि त्याचं ओळखपत्र कुणी काढलंच नव्हतं. म्हणून खालच्या कोपऱ्यात दुसऱ्याच एका खवल्याचा फोटो हार घालून छापला. तो खवल्या जिवंत होता. पुढे बरेच दिवस वस्तीतली पोरं त्याला बघून पळायची.

एक फ्लेक्स वस्तीच्या तोंडाशीही लागला. तो बांधायला नवाकोरा निळा दोर आणला होता. तुम्ही हा दोर लक्षात ठेवा. जंगलात त्या वेळी तो कुणाच्याच लक्षात आला नाही.

दुसऱ्या दिवशी सिदबाचा धाकटा भाऊ हणमा त्याच गटारात उतरला. घरात खाणारी तोंडं होती आणि रानडुकराकडे दुसरं काम नव्हतं. दोर नव्हताच. म्हणून गोजरा भोकाच्या काठावर बसून दर थोड्या वेळाने हाक मारायची.

"हणमाऽ"

"हाय, वैनी," खालून आवाज यायचा.

आवाज यायला उशीर झाला की ती भोकात डोकं घालून परत हाक मारायची. असे महिनाभर दिवस काढल्यावर ती कोर्टाच्या दारात बसणाऱ्या साळूआक्काकडे गेली. साळूआक्का म्हणजे साळिंदर. ती लोकांचे अर्ज लिहून द्यायची आणि लेखणी अंगावरचीच उपटायची.

"काय मागायचंय, गोजरे?" साळूआक्काने विचारलं. "भरपाई?"

"ती देतील तवा देतील. मला दोर पायजे. उद्या हणमा खाली ऱ्हायला तर मी कुनाकडं बघू?"

साळूआक्काने तिला शेजारी बसवलं. मग म्हणाली, "हे बघ. दोर मिळतो कर्मचाऱ्याला. सिदबा त्यांचा कर्मचारी व्हता आणि त्यांच्याच कामावर गेला, असं आधी त्यांच्याकडनं लिहून घ्यावं लागंल. तो त्यांचा ठरला, तर हणमाबी त्यांचा ठरतो. मग दोर देणं भागच पडतं."

"मग तसं लिव्ह. ह्यो आमचा व्हता आन् आमच्या कामावर मेला, येवढं त्यांनी लिवून द्यावं."

साळूआक्काने एक काटा उपटला, "आई गं" म्हणाली आणि अर्ज लिहिला.

नगरपालिकेचं उत्तर लगेच आलं. नगरपालिकेचं उत्तर लगेच आलं की समजावं, नाही म्हटलंय. त्यात लिहिलं होतं: एक, मयत हा नगरपालिकेचा कर्मचारी नव्हता. दोन, असलाच तर त्या दिवशी कामावर नव्हता. तो स्वतःच्या मर्जीने, हवापालटासाठी गटारात उतरला असावा. तीन, कामावर असलाच तर नगरपालिकेच्या हद्दीत मेला नाही.

साळूआक्काने वाचून दाखवलं. गोजराने फक्त मधलं परत वाचायला लावलं.

"हवापालटासाठी," साळूआक्का म्हणाली.

"गटारात?"

"असं लिवलंय."

गोजरा उठली. "चल, केस घालू," म्हणाली.

नगरपालिकेने सरड्याला वकील नेमलं. सरडा हुशार. त्याने आल्या आल्या बगळ्याला विचारलं, "ते श्रद्धांजलीचे फ्लेक्स अजून लटकताहेत का?" बगळ्याने डोळे उघडले. त्या दिवशी जंगलातले सगळे फ्लेक्स काढून जाळले. वस्तीच्या तोंडाशी काही नव्हतं. तिथला फ्लेक्स वाऱ्याने फाटून गेला असेल, असं शिपायाने लिहून टाकलं.

तो फाटला नव्हता. वाऱ्याने सुटून पडला होता आणि गोजराने उचलून आपल्या बिळापुढच्या पडवीवर घातला होता, त्याच निळ्या दोराने बांधून. जंगलात असंच चालायचं. निवडणूक झाली की गरिबांची घरं गळायची थांबत. गोजराला वाचता येत नव्हतं. साळूआक्काला येत होतं, पण चौकातल्या फ्लेक्सवरची तोंडं बघूनच ती मान वळवायची, आणि गोजराच्या पडवीत ती कधी शिरली नाही, तिथल्या बुटक्या दारात तिचे काटे अडकायचे. त्यामुळे आपण काय डोक्यावर घेऊन बसलोय हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

न्यायाधीश होतं कासव. न्यायाच्या खुर्चीवर कासव का बसवलं, असं विचारू नका. वेग आधीपासून तोच होता, त्याला शोभेल असा प्राणी नंतर शोधला. पण कासव प्रामाणिक होतं आणि ऐकून घ्यायचं. कोर्टात हा गुण फार दुर्मीळ असतो.

तारखा पडत गेल्या. पावसाळे दोन गेले. तारखेच्या दिवशी गोजरा कोर्टात असायची, आणि गटाराच्या काठावर हाक मारायला कुणी नसायचं. तिचे कान मागेच असायचे. शेवटी एकदा केस उभी राहिली.

सरडा उठला. त्या दिवशी तो पांढरा स्वच्छ होता, बगळ्याला शोभेल असा. "न्यायमूर्ती महाराज, मयत आमचा नव्हता. आमच्या हजेरीपुस्तकात त्याचं नाव नाही."

कासवाने मान बाहेर काढली. "मग कुणाचा होता?"

"ठेकेदाराचा."

रानडुकराला उभं केलं. "माजा न्हाई," रानडुक्कर म्हणाला. "मी ते काम पुढं पोटठेक्यानं दिलं व्हतं."

"कुणाला?"

"सिदबालाच."

सरडा खुलला. "पाहा महाराज. म्हणजे मयत हाच मयताचा मालक. त्याने स्वतःला दोर पुरवला नाही. खरं तर फिर्याद त्याच्यावरच व्हायला हवी, पण नगरपालिका मोठ्या मनाची आहे."

कोर्टात सगळे गंभीर होते. वकील असं काही म्हणाला की हसायचं नसतं, तो कोर्टाचा अवमान होतो.

कासवाने गोजराकडे पाहिलं. "तुला काही म्हणायचंय, बाई?"

"आमचं ह्ये ठेकेदार व्हते, ह्ये मला आज कळतंया, साहेब," गोजरा म्हणाली. "त्यास्नी ठावं असतं तर त्यांनी दुसऱ्याला उतरवलं असतं."

कासवाने हे लिहून घेतलं. सरडा जरा तपकिरी झाला आणि तिसऱ्या मुद्द्यावर आला. "महाराज, गटार कुंपणाखालून जातं. मयत कुंपणापाशी सापडला. त्याची शेपटी आमच्या हद्दीत असेल, पण डोकं हद्दीबाहेर होतं. आणि मरण डोक्याने येतं."

"तो गोळा झालेला होता ना?" कासवाने विचारलं.

"होय."

"गोळा झालेल्याचं डोकं शेपटीपाशीच असतं. मी स्वतः डोकं आत घेणाऱ्यांपैकी आहे."

"मग दोन्ही हद्दीबाहेर होती," सरडा म्हणाला. त्याला काहीही म्हणायची सवय होती.

कासवाने लेखणी खाली ठेवली. "मी स्वतः जाऊन जागा बघतो."

सरड्याला आनंद झाला. कासव चालत जाणार म्हणजे आणखी एक निवडणूक पदरात पडली. पण कासव त्याच दिवशी निघालं, आणि अकराव्या दिवशी दुपारी पोचलं. मागून बगळा आला, पाय वाचवत. सरडा पुढे धावत गेला आणि कुंपणापाशी थांबला. सरड्याची धाव कुठपर्यंत असते हे तुम्हाला माहीत आहेच.

भोक कुंपणाच्या चार हात आत होतं. ते बघायला कासवाला एक क्षण पुरला. "हद्दीतच आहे," ते म्हणालं. सरडा म्हणाला की कुंपणच चुकीच्या जागी आहे. ऊन रणरणत होतं आणि कासवाची पाठ तापली होती.

तेवढ्यात कुंपणाला लागूनच असलेल्या आपल्या बिळातून गोजरा पुढे आली. ज्याच्याकडे न्याय मागायचा त्यालाही तहान लागते, हे तिला कळत होतं. "साहेब, घोटभर पानी घ्या. पडवीत सावली हाय."

कासव पडवीत शिरलं. पाणी प्यायलं. दमलं होतं, म्हणून त्याने मान लांब काढून वर पाहिलं. वरून सतरा तोंडं त्याच्याकडे हात जोडून बघत होती. गोजराने रंगीत बाजू आत घातली होती. बाहेर ठेवली तर येणारेजाणारे उगाच नमस्कार करत.

"हे काय आहे, बाई?" कासवाने विचारलं.

"नगरपालिका हाय, साहेब."

"इथे काय करते?"

"गळती थांबवती," गोजरा म्हणाली.

कासवाने मान आणखी लांब केली आणि एकेक शब्द लावून मोठ्याने वाचलं. 'आमचा लाडका कर्मचारी.' मग थांबलं. 'नगरसेवेचे कर्तव्य बजावताना.' परत थांबलं. मग सही आणि शिक्का. गोजरा चूल सोडून उठली. अडीच वर्षं ती ह्या अक्षरांखाली भाकऱ्या थापत होती.

"त्येच्यात असं लिवलंय?" तिने विचारलं.

"असंच लिहिलंय."

तिने हातांचं पीठ झटकलं. नंतर साळूआक्काला म्हणाली, मला त्या वेळी हसू यायला पायजे व्हतं, पर राग आला. मला ते अगदी पटतं.

सरडा आत आला. त्याला कुठला रंग घ्यावा ते कळेना. "महाराज, हा फोटो मयताचा नाहीच," तो म्हणाला.

"न्हाईच," गोजरा म्हणाली. "नाव त्यांचं हाय. त्वांड तुमच्याकडं कुठनं असनार? ओळखपत्र काढलं न्हाई."

कासवाचं लक्ष आता दुसरीकडे गेलं होतं. "हा दोर कुणाचा?"

"त्येंचाच. फलकाबरोबर आला."

"मोजा."

हणमाने दोर सोडला आणि कोपरापासून बोटापर्यंत मोजत गेला. बारा हात भरला.

"आणि गटार?"

"नऊ, साहेब," हणमा म्हणाला. "वर धरायला तीन हात उरत्यात."

कासव बगळ्याकडे वळलं. "गटाराच्या दोराची फाईल कुठे आहे?"

"वर आहे."

"आणि ह्या दोराची?"

बगळ्याने डोळे मिटले. पण कासव वाट बघत राहिलं, आणि वाट बघण्यात कासवाला कोण हरवणार. शेवटी बगळा म्हणाला, "ती त्याच दुपारी मंजूर केली. नगराध्यक्ष घाईत होते."

"वर न पाठवता?"

"वेळ नव्हता, महाराज."

कासवाने मान आत घेतली आणि बराच वेळ बाहेर काढली नाही. बाहेर काढली तेव्हा ते एवढंच म्हणालं, "फ्लेक्स मी पुरावा म्हणून नेतो. दोर, बाई, तू ठेव. तोही पुरावा आहे, जिवापाड सांभाळ."

निकाल पुढच्या तारखेला आला. कासवाने लिहिलं की गटार नगरपालिकेचं, घाण नगरपालिकेची, घाई नगरपालिकेची, मग गटारात उतरणारा परका कसा? काम ठेक्याने देता येतं, मरण ठेक्याने देता येत नाही. सिदबाच्या मृत्यूला नगरपालिका जबाबदार आहे. तिने गोजराला भरपाई द्यावी, सिदबा आपला कर्मचारी होता असं लेखी द्यावं, आणि उतरणाऱ्या प्रत्येकाला दोर द्यावा.

मुलांनो, तुम्हाला वाटलं गोष्ट संपली. टाळ्या वाजवू नका.

नगरपालिकेने त्याच दिवशी वरच्या कोर्टात अपील केलं. तिथे न्यायाधीश गोगलगाय होती. तिने सांगितलं की मी येऊन पोचेपर्यंत खालचा निकाल थांबवा. म्हणजे भरपाई थांबली, लेखी थांबलं आणि दोरही थांबला.

मग नगराध्यक्षांनी खास सभा बोलावली. "झाल्या प्रकारातून आपण धडा घेतला पाहिजे," ते गंभीरपणे म्हणाले. सोळा नगरसेवकांनी धडा घेतला. दोन ठराव एकमताने मंजूर झाले. पहिला, यापुढे मयत कर्मचाऱ्यांना श्रद्धांजली तोंडी वाहावी. दुसरा, यापुढे फ्लेक्स दोराने न बांधता खिळ्यांनी ठोकावेत. दोर घेण्याचा विषय कुणी काढला नाही, कारण तो न्यायप्रविष्ट होता.

गोजरा दुसऱ्या दिवशी सकाळी गटाराच्या काठावर आली. खांद्यावर निळ्या दोराचं वेटोळं होतं. तिने हणमाला जवळ बोलावलं आणि त्याच्या कमरेला दोर बांधला. गाठ मारली, ओढून बघितली, सोडली आणि परत मारली.

"वैनी, ह्यो पुरावा हाय," हणमा म्हणाला. "साहेबांनी सांभाळायला सांगितलंय."

"मग? ह्याच्यापरास सांभाळून कुठं ठिवू?"

हणमा उतरला. गोजराने तीन हात हाताला गुंडाळून घेतले आणि ती कुणाशी बोलली नाही. त्या दिवशी दोनदा हिसके आले, दोनदा तिने ओढलं, दोनदा तो वर येऊन मोकळी हवा खाऊन परत खाली गेला. हवापालट म्हणतात तो असा असतो.

रानडुकराने हे पाहिलं आणि बगळ्याच्या कानावर घातलं. चोरीचा मामला म्हटल्यावर नगरपालिका कधी दिरंगाई करत नाही. बगळ्याने दोन्ही पाय खाली टेकवले, स्वतःच्या हाताने फिर्याद लिहिली, सही केली, शिक्का मारला आणि वर न पाठवता थेट चौकीत धाडली. सरड्याला दाखवायचं राहूनच गेलं.

दुपारी चौकीवरचा तरस फौजदार फिर्याद घेऊन वस्तीलगतच्या गटाराच्या काठावर आला. मागून साळूआक्का धावत आली. "कुणी काही बोलू नका, आधी मला वाचू द्या," ती म्हणाली. तिने कागद घेतला आणि वाचायला लागली. वाचता वाचता तिचे सगळे काटे उभे राहिले.

"काय लिवलंय?" गोजराने विचारलं. दोर धरून बोलायचा रिवाज नव्हता, पण दोर तिने सोडला नव्हता, हणमा खाली होता.

साळूआक्काने वाचलं, "'नगरपालिकेचा कर्मचारी नामे हणमा खवले हा नगरपालिकेच्या हद्दीत, नगरपालिकेच्या गटारात, नगरपालिकेचे काम करीत असताना, त्याच्या कमरेस नगरपालिकेच्या मालकीचा बारा हात दोर बांधलेला आढळून आला. सबब त्याची भावजय गोजरा हिजवर चोरीचा गुन्हा नोंदवावा.' खाली सही हाय. शिक्का हाय."

गोजराने दोराचा हाताला आणखी एक वेढा घेतला. तीन वर्षं ती ज्या एका ओळीसाठी तारखांना जात होती, ती ओळ तिला घरपोच मिळाली होती. सिदबाला त्यांनी मेल्यावर आपला म्हटलं होतं. हणमाला जिवंतपणी म्हटलं.

"गुन्हा कबूल हाय का?" तरसाने विचारलं.

"कबूल हाय," गोजरा म्हणाली. "कागदाची नक्कल द्या."

तेवढ्यात हातातल्या दोराला दोन हिसके आले. "जरा थांबा, फौजदार," ती म्हणाली आणि ओढायला लागली. ओझं जड होतं. तरसाने इकडेतिकडे बघितलं, टोपी काढून ठेवली आणि मागचं टोक धरलं.

तात्पर्य: कामगाराला आपला म्हणू नये. मेल्यावर म्हटलं तर भरपाई लागते, जिवंतपणी म्हटलं तर दोर लागतो. आणि रागाच्या भरात म्हणून गेलोच, तर निदान सही करू नये.